पनवेलमध्ये हीटर लागतो कुणाला

दानू,

तुझ्या शोकसभेला मी गेलो होतो. तू नव्हतास ते बरंच झालं. असतास तर अर्ध्यात उठून गेला असतास आणि मला एकट्याला बसावं लागलं असतं. म्हणजे जे झालं तेच.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या ज्या मंडळाचा तू सभासद होतास आणि ज्याच्या एकाही कार्यक्रमाला गेला नाहीस, त्या मंडळाने सभा ठेवली होती. स्टेजवर फ्लेक्स. त्यावर तुझा फोटो आणि तुझ्यापेक्षा मोठा प्रमुख पाहुण्यांचा. तुझ्यामागे एक चकचकीत निळा ट्रक उभा केला होता, तोही तुझा नव्हे, इंटरनेटवरून उचललेला. पाहुणे उशिरा आले, लवकर गेले आणि मधल्या वेळात नाव चुकवून तुला दोनदा ‘डेव्हिडसाहेब’ म्हणाले. एका वक्त्याने कधीही भरून न येणाऱ्या पोकळीचा उल्लेख केला. तू लगेच विचारलं असतंस, व्यास किती? अध्यक्षांनी तुला ‘यंत्रांचा ऋषी’ करून टाकलं. जॅक सटकून अंगठ्यावर बसला तेव्हा ऋषींच्या तोंडून जे मंत्र निघाले होते, ते मला आठवत होते.

मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “दानूच्या ट्रकचा हीटर अजून नीट चालत नाही.” एवढं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना भरून आलं. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला. मी तो वापरला नाही, पण परतही केला नाही. खिशातच राहिला.

त्या सभेत ट्रकबद्दल एवढं एकच खरं वाक्य बोललं गेलं, म्हणून पुढचं इथे लिहितो.

तो ट्रक आला तेव्हा आपण दोघेही नुकते निवृत्त झालो होतो. तू तळोज्याच्या कारखान्यातून, जिथे तू आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं चालू ठेवलीस. मी ज्युनिअर कॉलेजमधून, जिथे मी आयुष्यभर यंत्रं फळ्यावर काढली. वहिनी जाऊन वर्ष झालं नव्हतं. तू कळंबोलीला कसलासा नट शोधायला गेलास आणि एक अख्खा ट्रक घेऊन आलास. भंगारवाला त्याला कापायलाच निघाला होता. पुढून बेडकासारखं तोंड, एक दिवा फुटलेला, मागच्या फळ्या कुजलेल्या. हिमाचलात कुठल्या तरी सफरचंदाच्या बागेत त्याचं आयुष्य गेलं होतं. तिथून तो खाली खाडीकाठी कसा आला, हे भंगारवाल्यालाही सांगता येईना.

डॅशबोर्डखाली, क्लीनरच्या पायाशी, एक पत्र्याचा डबा होता. मी विचारलं, “हे काय?”

“हीटर. डोंगरावरची गाडी आहे ना.”

“पनवेलमध्ये हीटर लागतो कुणाला?”

“ट्रकला लागतो. तुला कोण देतंय?” तू म्हणालास. “हे बघ मास्तर, जे जे त्याच्यात होतं ते सगळं चाललं पाहिजे. निम्मं चालायला तो काय माझा गुडघा आहे?”

त्याच संध्याकाळी तू नवस बोललास. ट्रक पुरा झाला की एलियाहू हन्नावीला मलिदा. तुम्हा बेने इस्रायल ज्यू लोकांचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. घर असो, लग्न असो, परदेश असो, त्या संदेष्ट्याला सांगितल्याशिवाय काही सुरू होत नाही, आणि पोहे, गूळ, खोबरं, फळं यांचं ताट त्याच्या नावाने ठेवल्याशिवाय संपत नाही. मी आपलं विचारलं, तुमच्या संदेष्ट्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स आहे का?

“आगीच्या रथात बसून वर गेलेला माणूस आहे तो,” तू म्हणालास. “गाड्यांचं राहू दे, हीटरचंसुद्धा त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”

मी चहा ओतायला घेतला.

नाओमीचा फोन दर शुक्रवारी यायचा, तू शब्बाथचा दिवा लावायच्या आधी. मी बहुतेक वेळा तिथेच असायचो, कारण शुक्रवारचा चहा तुझ्याकडे असायचा. तुला ऐकायला कमी येत असल्याने फोन स्पीकरवर, त्यामुळे तुम्हा बापलेकीचं सगळं बोलणं मला पाठ आहे. तिकडे इस्रायलमध्ये, बेर्शेबात तिने तुझ्यासाठी खोली तयार ठेवली होती. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, हे ती दर वेळी सांगायची, जसं काही पनवेलला लिंबं मिळत नाहीत.

“पपा, केव्हा येताय?”

आधी तुझं उत्तर वेगळं असायचं. “मी आलो तर इथे नऊच उरतील गं.” प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि पनवेलमध्ये तुमचे तेवढेच उरले होते. त्यातला एक तू. कुणाचा ताप, कुणाचा मोतीबिंदू, कुणाची मुंबईतली नात, असं काही निघालं की तू फोनवर फोन करून पेणहून, ठाण्याहून माणूस मागवायचास. “देवाने आम्हाला माणसं कमी दिली आणि अटी जास्त,” असं तूच म्हणायचास. पण नाओमी हुशार. ती म्हणाली, इकडे दहा कशाला, गल्लीत दोनशे आहेत. ते कारण तिथेच संपलं. नेमका तेव्हाच ट्रक आला.

“ट्रक पुरा झाला की येतो. नवस बोललोय. अर्धवट टाकून आलो तर तुझ्याच पोराबाळांना लागेल.”

आता नवसापुढे ती तरी काय बोलणार?

मग आपले रविवार सुरू झाले. शनिवारी शब्बाथ असल्याने तू पान्याला हात लावायचा नाहीस आणि बाकीचे दिवस मला वाचायला हवे असायचे, म्हणून रविवार. इंजिन उघडलं, ब्रेक झाले, फळ्या नव्या बसल्या, हिरवा रंग लागला. यात माझा वाटा पाना देणे, चहा ओतणे आणि शंका काढणे. शंका काढण्यात मी कधी कसर ठेवली नाही. एकेक काम पुरं होत गेलं आणि तू थोडा गप्प होत गेलास. मला वाटायचं, थकतोयस.

शेवटी हीटर तेवढा उरला. पंख्याची मोटर जाम होती. तू ती टेबलावर उघडलीस. आतले वीज पोहोचवणारे कार्बन झिजून नखाएवढे राहिलेले. तू मिक्सरचे कार्बन आणून पॉलिशपेपरवर घासून मापात केलेस. एक चहा होईपर्यंत मोटर फिरली आणि मग तिच्यातून धूर आला. तेवढ्यात जनाबाई टोपली घेऊन फाटकातून आत आली. उरणहून येणारी ही कोळीण तुझ्या दारात रविवारी ठरलेली, आणि तुझ्या दारात आली की, तुमच्यात बिनखवल्याचं चालत नाही म्हणून, टोपलीतली कोलंबी फडक्याखाली सारायची, खवल्याचा मासा तेवढा वर ठेवायची.

“आरं दानूशेट, सुकट भाजतंस का काय? तुला त चालत नाय!”

“मोटर जळतेय, जनाबाई.”

“मंग ठीक हाय. मना वाटला बाटलास.”

जुनी मोटर गेलीच. तू कळंबोलीहून एका मोडीत निघालेल्या मोटारीची मोटर आणलीस. तिचा दांडा जाड निघाला. पंख्याचं भोक मोठं करायला तळोज्याच्या तुझ्या जुन्या दोस्ताकडे गेलो, तिथे त्याने आधी जेवू घातलं आणि मग लेथवर काम केलं. सगळं बसवून तू बटण दाबलंस. पंखा फिरला. डब्याच्या तोंडातून हवा आली, पण कशी, तर बशीतला चहा निववायला फुंकर घालावी तशी.

“आली,” तू म्हणालास.

“उलटा फिरतोय,” मी म्हणालो.

आपलं सर्वांत लांबलेलं भांडण इथे सुरू झालं.

तुझं म्हणणं, उलटा फिरला असता तर हवा आत खेचली असती. बाहेर येतेय म्हणजे सुलटा. मोटरच अशक्त आहे, दुसरी शोधू. माझं म्हणणं, हा पात्यांचा साधा पंखा नाही, हा पिंजरा आहे, पिंपासारखा. असा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त जोर नसतो. आणि उलटा का फिरतो, तेही मी सांगितलं. आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस बॉडीला जोडतात, या विलायती म्हाताऱ्यात प्लस जोडलेलं आहे. नवी मोटर इथल्या हिशेबाची. तिच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं.

“पुस्तकातला पंखा सांगू नकोस.”

“दोन स्क्रू आहेत दानू. करून बघ.”

“तू आयुष्यभर मुलांना फॅराडे शिकवलास. त्यातला एक तरी मुलगा फ्यूज बदलतो का?”

“विषय बदलू नकोस.”

“माझ्या ट्रकच्या वायरीला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो.”

असे किती रविवार गेले ते मोजले नाहीत. मी कागदाच्या पट्ट्या लावून दाखवल्या, तू त्या चहाच्या कपाखाली ठेवल्यास. मी पंख्याची चित्रं काढली, तू म्हणालास हात छान आहे. तू आणखी एक मोटर आणलीस, तीही तशीच फुंकायची. एकदा जनाबाईलाच पंच नेमलं. तिने डब्यापुढे तोंड नेलं आणि निकाल दिला, “दोगंबी खुळं हाव तुमी. पनवेलात गरम हवा पायजे कोनाला?”

आणि शुक्रवारी फोनवर, “पपा, केव्हा येताय?”

“अगं, हीटर राहिलाय. मोटर मिळत नाही. जुनं मॉडेल आहे ना.”

मी समोर बसून चहा प्यायचो. दोन वायरी, एवढंच मला म्हणायचं असायचं. म्हटलं मात्र नाही कधी.

तू गेलास तो गुरुवार होता. झोपेत गेलास, याबद्दल सगळे तुला भाग्यवान म्हणाले. तुमच्यात माती थांबत नाही, नाओमी विमानात बसायच्या आत ती उरकायला हवी होती. कबरस्तानात मी कडेला उभा होतो, तुझे लोक आत. मोजले तर नऊ. पेणहून निघालेला माणूस खारपाड्याच्या पुलावर अडकला होता. सगळे रस्त्याकडे बघत राहिले. मला इतकं विचित्र वाटलं, दानू. इतकी वर्षं जो दहावा माणूस हुडकून आणायचा, तो तिथेच होता, पण आज त्याला धरता येत नव्हतं. शेवटी पेणचा माणूस धापा टाकत आला आणि प्रार्थना झाली. मला त्यातला शब्द कळला नाही. पण तो माणूस आत शिरताना बाकीच्या नऊ जणांनी जो श्वास सोडला, तो कळला.

नाओमी दुसऱ्या दिवशी रात्री पोहोचली. आठवडाभर घरात बसली, जमिनीवर, तुमच्या रीतीने. लोक येत होते, जात होते. आठवडा संपल्यावर ती मागच्या अंगणात आली. मी ट्रकवरची पानं झाडत होतो. तिचं मराठी अजून ती गेली त्या वर्षाच्या पनवेलचं आहे, आता आपण बोलतो त्यापेक्षा बरंच शुद्ध.

“काका, पपांचा मलिदा राहिलाय. फेडल्याशिवाय मी परत जाणार नाही. ट्रकचं काय राहिलंय?”

मी सांगायला लागलो. हे बघ, पंखा फिरतो, पण उलटा फिरतो, तुझ्या पपांना ते मान्य नव्हतं, कारण हा पिंजऱ्याचा पंखा...

“वायरी उलट्या आहेत ना? माहीत आहे मला.”

“तुला कुणी सांगितलं?”

“पपांनीच. मोटर बसवली त्याच आठवड्यात. मला वेगळा फोन केला होता. म्हणाले, मास्तर म्हणतोय ते शंभर टक्के खरंय, वायरी बदलल्या की हीटर चालतो. पण हीटर चालला की ट्रक पुरा झाला. मग मला तिकीट काढावं लागेल.” ती ट्रकच्या पायरीवर बसली. “म्हणाले, मास्तरला यातलं एक अक्षर बोलू नकोस. बरोबर आहे असं कळलं तर डोक्यावर बसेल.”

मी पण बसलो. तुला ओळखत होतो, असं मला वाटायचं.

“आणि तरी तू दर शुक्रवारी विचारायचीस? केव्हा येताय म्हणून?”

“विचारायलाच पाहिजे होतं. नसतं विचारलं तर त्यांना वाटलं असतं, पोरीला आता आपण नको आहोत.” पायरीवरचं पान झटकत ती म्हणाली, “ते येणार नाहीत हे मला माहीत होतं, काका. पण त्यांना ‘नाही’ म्हणावं लागलं नाही. मला ते ऐकावं लागलं नाही. चांगलं चाललं होतं आमचं.”

मग तिने माझ्याकडे बघितलं, अगदी तुझ्यासारखं, चष्म्याच्या वरून. “तुम्ही का नाही बदलल्या? तुम्हाला तर येत होतं.”

मी म्हणालो, तुझ्या पपांनी हात लावू नको म्हटलं होतं. ती हसली. तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. तिथे स्क्रूड्रायव्हर होता. त्या रविवारांमध्ये दर रविवारी तो तिथे असायचा, दानू. तू चहा आणायला आत जायचास, सहज होण्यासारखं काम होतं. तू मात्र दर वेळी आत बराच वेळ घ्यायचास आणि बाहेर आल्यावर सगळ्यात आधी डब्याकडे बघायचास. मी काही केलेलं नाही हे बघून खुर्ची ओढायचास आणि म्हणायचास, “हं, कुठे होतो आपण?”

आपण तिथेच होतो. तिथेच राहावं, असं आपल्या दोघांनाही वाटत होतं. एवढी साधी गोष्ट. दोन शिकल्यासवरल्या माणसांनी ती एकमेकांना सांगायला एक मोटर, एक पंखा आणि अख्खा फॅराडे कामाला लावला.

दुसऱ्या दिवशी नाओमीने मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ घातला, खोबरं खवलं, वेलची कुटली. फळांत सफरचंद मुद्दाम मोठं आणलं, ट्रकच्या माहेरचं म्हणून. पण ताट मांडायच्या आधी ट्रक पुरा व्हायला हवा. तिने माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्याच हातात दिला. मी क्लीनरच्या जागेखाली वाकलो. दोन स्क्रू. खरंच दोन मिनिटांचं काम निघालं, आणि त्याचा मला काही आनंद झाला नाही.

वायरी बदलून होईपर्यंत नाओमीने इंजिन चालू करून तापवलं होतं. तिने खिडक्या लावल्या, कारण हीटर लावल्यावर खिडक्या लावतात. मग बटण दाबलं.

दानू, काय हवा आली म्हणून सांगू! नळीत अडकलेला कुठल्या तरी थंडीतला कचरा पहिल्या झोतात बाहेर आला. धूळ, एक वाळकं पान आणि सफरचंदाच्या पेटीत घालतात तो पेंढा. सगळा नाओमीच्या केसांत. मागून गरम हवा, जोरदार, न थांबणारी. ऑक्टोबरचं पनवेल बाहेर, हीटर आत, आणि आम्ही दोघं काचा लावून घामाघूम बसलेलो. ती पेंढा झटकत हसत होती आणि मध्येच रडत होती. तेव्हा मी खिशातला तो सभेतला रुमाल तिला दिला. त्या बाईंना आता काय सांगायचं, बघू.

बाहेरून काचेवर टकटक झाली. मी दार उघडलं. जनाबाई.

“आगं माय! ही भट्टी कशाला पेटवली?” मग हवा तोंडावर आली तशी ती पुढे वाकली. हात डब्यापुढे धरून म्हणाली, “चालला की रं मास्तर! दानूशेटला सांगाला पायजे व्हता.”

“त्याला माहीत होतं,” मी म्हणालो.

मग ट्रकच्या पुढ्यात ताट ठेवून नाओमीने तुमच्या भाषेत म्हणायचं ते म्हटलं, आणि मलिद्याचा पहिला घास मला दिला. एरवी अशा वेळी माझ्या जिभेवर एखादी शंका तयार असते. त्या दिवशी नव्हती. गूळ थोडा जास्त झाला होता, एवढंच.

नाओमी गेली. जाताना ट्रकची किल्ली माझ्याकडे देऊन गेली आणि खोलीच्या खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, हे मलाही सांगून गेली. मला वाटलं, आता संपलं. ट्रक पुरा, नवस फेडलेला, विचारण्यासारखं काही उरलं नाही.

काल शुक्रवार होता. दिवेलागणीच्या आधी माझा फोन वाजला.

“काका, ट्रक कसा आहे?”

मी चांगला आहे म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, “अगं, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतोय. आणि डावीकडचा वायपर काचेला टेकत नाही.”

मग ती म्हणाली, “म्हणजे अजून पुरा नाही झाला.”

“नाही ना. जुनं मॉडेल आहे.”

“असू दे. सावकाश करा. मी पुढच्या शुक्रवारी विचारते.”

तुझी युक्ती आता आम्ही चालवतोय, दानू. चांगली आहे, कुठे अडत नाही. एका हीटरच्या निमित्ताने तू मला म्हातारपणाचे इतके रविवार दिलेस, आणि मी बरोबर आहे हे माहीत असून दर रविवारी माझ्याशी भांडलास. माझ्यासाठी एवढी मेहनत दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

उद्या रविवार. वायपर उघडून बघणार आहे. माझ्या मते त्याची स्प्रिंग गेलीय. तुझं म्हणणं वेगळं असणार.